विन्यान

खोन केनच्या पूर्वेला, कसाव्याच्या शेताला लागून
थोंगसायबाईंची पत्र्याची शेड. आत बावीस हौद.
हौदाहौदात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे रचलेले,
ट्रेच्या खळग्याखळग्यात रातकिडे.
किर्र इतकं दाट
की आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येत नाही,
ओठ हलले तेवढे कळतात.
बाईंना त्याचं काही नाही.
आवाज थांबला तर मात्र त्या झोपेतून उठतात.

एका हौदाचे दिवस पंचेचाळीस.
भोपळ्याच्या फोडी, कसाव्याचा पाला, कोंडा,
पाणी प्यायला ओला काथ्या, बुडू नयेत म्हणून.
पंख फुटतात, नर गायला लागतात,
माद्या ओल्या मातीच्या ताटल्यांत अंडी घालतात.
मग ट्रे झटकायचे, जाळीच्या पिशव्या भरायच्या,
आणि फ्रीजर.

बेल्जियमहून योरिस आलाय, त्यांचं पीठ घेणाऱ्या कंपनीचा.
मी त्याच्याबरोबर, वजनं लिहून घ्यायला.
त्याच्या फॉर्मवर सतरावा प्रश्न:
मारताना प्राण्याला वेदना होते का?
होय. नाही. सांगता येत नाही.

लम्दुआन, बाईंची भाची, दुभाषी.
ती अडली.
कारण त्यांच्याकडेही आहे तो शब्द, वेत्थना,
पण त्याचा अर्थ कीव.
तिनं दुसरा धरला: विन्यान आहे का यांच्यात?
मी चमकले. विज्ञान!
एकाच गावाहून निघालेला शब्द,
आमच्याकडे येऊन प्रयोगशाळेत नोकरीला लागला,
इकडे येऊन जीव झाला,
मेल्यावर घराभोवती घुटमळणारा.

बाई काही बोलल्या नाहीत.
चला म्हणाल्या हातानंच.

नवव्या हौदाशी योरिस वाकला
आणि त्याच्या सावलीएवढा हौद गप्प झाला.
तो सरकला, गप्पपणा सरकला,
मागचं किर्र पुन्हा मिटून आलं, पाण्यासारखं.
मी वाकले. माझ्याएवढं गप्प.
मग बाई वाकल्या, कोपरापर्यंत हात घातला,
ट्रे उचलला, खाली ठेवला,
आणि गाणं चालूच.

"तुम्हाला ओळखतात," योरिस म्हणाला. हसला.
लिहायला लागला, थांबला.
"आणि पंचेचाळिसाव्या दिवशी?"

लम्दुआननं विचारलं. तिला ते विचारायचं नव्हतं,
असं मला वाटलं.
बाईंनी ट्रेवरचा कोंडा झटकला.
"त्या दिवशीपण गातात," म्हणाल्या,
"माझा हात आत असताना."

अकरावा हौद आज भरलेला होता.
पहिली पिशवी मी काट्याला लावली.
आत सळसळ, सुपात तांदूळ घोळवल्यासारखी,
काट्याचा आकडा थरथरत राहिला.
आठ किलो दोनशे, अदमासे.

बाईंनी पिशवीवर तळवा ठेवला, फ्रीजर उघडला.
झोपतात, म्हणाल्या. थंडी वाजली की झोपतात.
मग जरा वेळानं, कुणी न विचारता,
"मी त्यांच्या बाजूनं कधी बघितलेलं नाही.
वाटात पाणी सोडते त्यांच्यासाठी, दर पौर्णिमेला.
नावं नाहीत, म्हणून हौदाचा नंबर सांगते."
वाट म्हणजे त्यांचं देऊळ.
आमच्याकडे पाणी सोडणं म्हणजे आशा सोडणं,
हे मी लम्दुआनला सांगितलं नाही.

झाकणाला कान लावता आला असता.
योरिस फोनवर होता, बाई भोपळा चिरत होत्या.
मी लावला.
सळसळ होती. मग विरळ सळसळ.
मग एकच कुणीतरी,
पाय हलवणारं, थांबणारं,
पुन्हा हलवणारं.
मग मोटारीची घरघर फक्त.

दुसऱ्या दिवशी तीच पिशवी पुन्हा काट्यावर.
आकडा लगेच स्थिर झाला.
आठ किलो दोनशे.
मी दोनदा लावून पाहिली.

सतरावा प्रश्न कोराच राहिला होता.
योरिसनं पेन माझ्याकडे दिलं,
तुम्हीच लिहा म्हणाला, तुम्ही ऐकलंत.
बाराव्या हौदात कुणीतरी नुकतं गायला लागलं होतं,
अजून सूर न सापडलेलं.
मी पेन धरून उभी राहिले, आणि ते
माझ्याकडे लक्ष गेल्यासारखं
थांबलं.